महादेवी म्हणून नेलेली अक्का

लोणंदच्या पेठेत सिकंदर नदाफांचं गाद्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर सिकंदर बसतात, पण गाद्या भरते ती त्यांची बायको चांदबी, हे सगळ्या पेठेला माहीत आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी उशी शिवता येत नव्हती. सासूनं दाभण हातात दिलं, कापूस सारखा पसरायला शिकवलं, आणि आता पन्नाशी उलटली तरी तिच्या हातची गादी मधे बसत नाही असं गिऱ्हाइकं सांगतात. फोमच्या गाद्या आल्यापासून काम मात्र कमी झालं. मुलगा वसीम कंपनीत लागला, सून आयेशा घर बघते. चांदबीला रिकामं बसवत नसे, म्हणून ती उगाच जुन्या उशा उसवून पुन्हा भरत बसायची.

अशात एक दिवस फलटणकडचे उदयसिंह दुकानात आले. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, घरचा ऊस, आणि मळ्यात बंद पडलेलं गुऱ्हाळ. त्या गुऱ्हाळाच्या शेडला त्यांनी भिंती घातल्या होत्या, फरशी केली होती. रस्त्यावर फिरणाऱ्या, घरदार विसरलेल्या बायकांसाठी तिथं त्यांनी चार माणसांच्या मदतीनं निवारा काढला होता. त्या बायकांसाठी गाद्या पाहिजेत म्हणून ते आले होते. गाद्या तयार झाल्यावर टेम्पोबरोबर चांदबी स्वतः गेली. खाटा आखूड निघाल्या तर जागेवर शिवण उसवून देता येईल, एवढाच विचार.

तिथं सगळी धांदल चालली होती. एका बाईची आंघोळ व्हायची होती, ती कोपऱ्यात जाऊन ओरडत होती, आणि मदतीला येणाऱ्या बायकांपैकी दोघी आल्याच नव्हत्या. निवाऱ्यातली नर्स चांदबीकडं न बघताच म्हणाली, "आलात का? आजपासून तुमीच ना? ही बादली घ्या आदी." आणि बादली चांदबीच्या हातात आली. मी गादीवाली आहे, हे सांगायचं तिच्या तोंडावर आलं होतं. पण समोरची बाई तोवर तिच्या पदराला लोंबकळली होती. चांदबीनं तिला आंघोळ घातली, केस विंचरले, जेवू घातलं. घरी परत आली तेव्हा सिकंदर म्हणाले, "गाद्या द्यायला दिस लागतो व्हय?"

"न्हाई, तितं मला कामाला लावलं."

"आन् तू लागलीस?"

"लागले की." का लागले, ते तिला सांगता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात दुकान बंद होतं तेव्हा ती पुन्हा गेली. मग जातच राहिली. पेठेतल्या बायका कुणी कौतुकानं, कुणी तिरकं विचारायच्या की घरचं सोडून येड्या बायकांना आंघोळी घालायला कशाला जाते. मशिदीतल्या मौलवींनी सिकंदरना सांगितलं, तुमच्या घरवालीला लय सवाब मिळेल. ते ऐकून चांदबी जास्तच गोंधळली. सवाबाचं, पुण्याचं तिच्या डोक्यातही नव्हतं. खरं म्हणजे तिला तिथं बरं वाटायचं. त्या बायकांपुढं ती मोकळेपणानं हसायची, घरात सुनेपुढं हसायची नाही इतकी. दुसऱ्याच्या हालात आपल्याला बरं वाटतं म्हणजे हे पुण्य की पाप, असं तिनं एकदा सिकंदरना विचारलं. सिकंदरनी पानाला चुना लावत सांगितलं, "एवढा इचार करशील तर तू बी एक दिस तितंच राहशील."

अक्का तिलाच सापडली. आयेशाला माहेरी जायला गाडीत बसवून चांदबी लोणंद स्टेशनातून निघाली होती. फलाटाच्या टोकाला, नळाजवळ, कांद्याची जाळीची पोती अंगावर घेऊन एक बाई बसली होती. केसांचा गुंता, पायाला जखम. चाळीस-पंचेचाळीसची असेल, पण नक्की सांगता येत नव्हतं. चांदबीनं बिस्किटं पुढं केली, तिनं घेतली नाहीत. ती एकच शब्द सारखा बोलत होती. रुळांवर काम करणारा एक गडी कर्नाटकातला होता, तो म्हणाला, "मावशी, ती पानी मागतीय. नीरु म्हंजे पानी." नळ शेजारीच होता, पण तिला तो उघडता येत नव्हता का उघडायचा नव्हता, कोण जाणे. चांदबीनं ओंजळीनं पाणी पाजलं आणि सुभेदारांना फोन लावला. पोलिसांत नोंद झाली, डॉक्टरांनी तपासलं, आणि गुऱ्हाळाच्या शेडमध्ये आणखी एक खाट लागली. गाडीत बसताना बाईनं चांदबीच्या पदराचं टोक धरलं ते फलटण येईस्तोवर सोडलं नाही.

नाव विचारलं तर ती गप्प. 'अक्का' म्हटलं की मान वळवायची, म्हणून सगळे अक्का म्हणू लागले. साताऱ्याहून येणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. जखम भरली, केस कापले, अंगावर थोडं मांस आलं. तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग होता. हळूहळू ती वाळलेले कपडे घड्या घालू लागली. चांदबी अभ्रे शिवायला बसली की शेजारी येऊन बसायची आणि सुईत दोरा ओवून द्यायची. बोलणं मात्र फार नाही. चांदबीच बोलायची, आयेशा भाकरी कशी जाड करते, वसीम फोनवरून मान वर करत नाही, सिकंदरना साखर खाऊ देत नाही म्हणून ते कसे रुसतात. अक्का ऐकायची. चांदबीला एकच मुलगा, बहीण नाही. कुणी इतकं ऐकून घेतंय याची तिला सवय नव्हती.

सुभेदारांनी अक्काचा फोटो जत, मिरज, सांगली अशा सगळीकडच्या ओळखीच्या लोकांना पाठवला. नीरु म्हणते म्हणजे सीमेकडची असणार, असा त्यांचा हिशोब. आणि एक दिवस जत तालुक्यातल्या एका खेड्यातून फोन आला. अंकिता नावाच्या मुलीचा. ती म्हणाली, "ही माजी आई हाय."

अंकिता आली ती मामाला घेऊन. विशीतली मुलगी, बेदाणे निवडायच्या शेडमध्ये काम करणारी, अंगानं किरकोळ पण बोलायला धीट. तिची आई महादेवी, अंकिता लहान असताना, घरातून निघून गेली होती. डोकं फिरलं होतं म्हणतात. बापही पुढं वारला. मामानं, म्हणजे आप्पासोंनी, तिला वाढवलं. हे सगळं तिनं सुभेदारांना उभ्याउभ्याच सांगितलं आणि मग आत गेली. अक्का चांदबीजवळ बसून अभ्रा घडी करत होती. अंकिता समोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आये."

अक्कानं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातला अभ्रा तिच्या मांडीवर ठेवला आणि दुसरा उचलला.

अंकिता रडायला लागली. नर्स रडायला लागली. सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. चांदबीलाही भरून आलं, पण तेवढ्यात तिची नजर दारात उभ्या असलेल्या आप्पासोंकडं गेली. ते टोपी काढून डोकं खाजवत होते.

"काय झालं?" चांदबीनं बाहेर येऊन विचारलं.

"ही न्हवं," आप्पासो हळूच म्हणाले.

"म्हंजे?"

"आवं, माजी भन हुती ती. मला कळत न्हाई व्हय? माजी भन उंच हुती. नाक बी असलं न्हवतं. आन् तिच्या डाव्या हातावर तुळस गोंदल्याली हुती."

चांदबी आत गेली आणि अक्काचा डावा हात धरून बघितला. जिथं गोंदण असायला पाहिजे तिथं भाजल्याचा डाग होता. गोंदण होतं आणि जळून गेलं, की नव्हतंच, हे त्या हातावरून कळण्यासारखं नव्हतं.

अंकितानं मामाचं बोलणं ऐकलं आणि ती उसळली. "मामाला नकोच हाय ती! माजं लगीन जमलंय. आई येडी हाय असं कळलं तर सोयरीक मोडंल म्हनून भ्या वाटतंय त्याला."

"तसं न्हाई गं पोरी..."

"मग कसं? मी तिच्याजवळ झोपत हुते. मला तिचा वास म्हाईत हाय."

आप्पासोंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ते लग्नाला भिऊन खोटं बोलत होते की खरं बोलत होते, चांदबीला काही उमजेना. मुलगी खोटं बोलत नव्हती, हे तर दिसतच होतं. पण खोटं न बोलणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. आईवाचून वाढलेली पोर, तिला कुठलीही बाई आईसारखी वाटेल. सुभेदारांना आनंद झाला होता, कारण निवारा सुरू झाल्यापासून कुणी बाई घरी परत गेली नव्हती, ही पहिलीच. नर्सला एक खाट मोकळी झाली तर हवीच होती. आणि आपल्याला? चांदबीनं स्वतःला विचारलं, तेव्हा तिला भीतीच वाटली. मामाचं बोलणं ऐकून तिला आत कुठंतरी हायसं वाटलं होतं. ही त्यांची नसली तर इथंच राहील, असं.

म्हणजे शंका आली ती खरोखरच आली, की अक्का जाऊ नये म्हणून आली?

पोलिसांनी सांगितलं, रक्ताची तपासणी करता येते, पण मार्ग लांबचा आहे, तोवर बाई इथंच राहील. अंकिता म्हणाली, "तपासनी कशाला? रेशन कार्डावर फोटो हाय की." कार्डावरचा फोटो इतका पुसट होता की त्यात चांदबीसुद्धा बसली असती. सुभेदारांनी दोनतीनदा अक्कालाच विचारलं, कानडी येणाऱ्या माणसाला आणून विचारलं. तुझं नाव महादेवी का? ती काही बोलली नाही. या मुलीबरोबर जायचं का? त्यावर ती उठली, आपली चप्पल घातली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. सगळ्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि पोलिसांनीही अंकिताची सही घेऊन तपासणीचा विषय सोडला.

चांदबी सुभेदारांना बाजूला घेऊन म्हणाली, "सायेब, घाई हुतीय का? तिला कुटं बी जायचं म्हनलं की ती चप्पल घालती. दवाखान्यात न्यायचं असलं तरी घालती."

"भाभी, मला बी कळतंय ते. पण आपल्याकडं ती ठेवायची तरी कुठल्या हक्कानं? कुणी माझी म्हणून आलंय. आपल्यातलं तर कुणीच तसं म्हणत नाही."

'मी म्हणते की,' असं चांदबीच्या मनात आलं. पण ती गादीवाली. सुट्टीच्या दिवशी येणारी. तिनं काय म्हणायचं?

जीपमध्ये अक्का अंकिताशेजारी बसली. चांदबीनं तिच्यासाठी भरलेली नवी उशी खिडकीतून आत दिली. अक्कानं उशी घेतली, मांडीवर ठेवली आणि समोर बघत राहिली. जीप निघाली, वळली, उसाच्या आड गेली, तरी तिनं मागं वळून बघितलं नाही. चांदबीला त्याचा राग आला. मग रागाचीच लाज वाटली. घरी येऊन तिनं आयेशाला भाकरीवरून बोल लावले, आयेशाला कळेना काय झालं, आणि चांदबीलाही सांगता येईना.

नंतर किती तरी दिवस ती निवाऱ्यात गेली नाही. सिकंदरनी दोनदा विचारलं, "आज जायचं न्हाई व्हय?" ती म्हणायची, "गुडगा दुकतोय." एकदा मात्र त्यांनी पिच्छा सोडला नाही. तेव्हा ती म्हणाली, "आवं, ती त्यांची नसली तर? आमी दुसऱ्या कुनाची तरी आई त्या पोरीला दिऊन टाकली असली तर? तिकडं तिची खरी लेकरं हुडकत असतील."

"आन् असली तर?"

"असली तर बरंच की."

"मग तू रडतीयस कशाला?"

ती कशाला रडतेय ते तिला तरी कुठं ठाऊक होतं?

मग अंकिताच्या लग्नाचं आमंत्रण आलं. फोनवर मुलगी म्हणाली, "मावशी, तुमी यायलाच पायजे. आई तुमची वाट बगतीय." अक्का कुणाची वाट बघते हे हिला कसं कळलं, असं चांदबीला वाटलं, पण ती गेली. एसटीनं आधी सांगली, मग पुढं जत. अंगणात मांडव घातला होता. अक्का ओसरीवर बसली होती. नवं हिरवं लुगडं, केसात गजरा, शेजारी एक शेळीचं करडू. चांदबीला बघून ती उठली नाही, पण सरकून तिनं जागा केली. चांदबी बसली. दोघी करडाकडं बघत राहिल्या.

थोड्या वेळानं अंकितानं चांदबीला आतल्या खोलीत बोलावलं. हळद लागलेली, हातात चुडा. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तुमाला एक सांगू का? रागवू नका."

"सांग की."

"मला बी आता खात्री न्हाई."

चांदबीनं दार नीट लागलंय का ते बघितलं.

"तवा हुती. देवाशपत हुती. तितं मला वास बी आला हुता आईचा. हितं आनल्यावर एकदा तिला कानडीतनं गाणं म्हनताना ऐकलं. माजी आई गाणं म्हनतच नव्हती. मला तेवडं पक्कं आठवतंय, कारन दुसऱ्यांच्या आया म्हनायच्या आन् मला वाईट वाटायचं." ती चुड्याकडं बघत होती. "पन आता मी कुनाला सांगू? आन् का सांगू? ती मला रोज डोक्याला तेल लावती."

"पोरी, मग सुभेदारसायेबांना..."

"नका सांगू. तुमाला सांगितलं, कारन तुमी तिला पयल्यांदा पानी पाजलंत. कुनाला तरी म्हाईत पायजे." आणि मग एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, "मी चुकले का वो?"

चांदबीनं तिला जवळ घेतलं. हो म्हणावं की नाही, तिला समजेना. हळद चांदबीच्या, साडीवरून घेतलेल्या पांढऱ्या ओढणीला लागली.

दुपारी लग्न लागलं. वरातीची गाडी निघायच्या वेळेला चांदबीच्या लक्षात आलं, की मुलगी आता सासरी जाणार, मग अक्काचं काय? आप्पासो मांडवात खुर्च्या गोळा करत होते. ती त्यांच्याकडं गेली.

"आप्पासो, अक्का आता कुटं राहनार?"

"कुटं म्हंजे? हितंच की. माज्या घरात."

"पन तुमी तर म्हनत हुता, तुमची भन न्हवं म्हनून."

"अजून बी म्हंतो." त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "न्हवंच ती. महादेवीला मी खांद्यावर घिऊन हिंडलोय, मला कोन सांगतंय? नवऱ्याकडच्यांना बी मी सांगून टाकलंय, की पोरीची आई सापडली आन् तिचं डोकं जरा असं असं हाय. सोयरीक मोडायची तर मोडा म्हनलं. न्हाई मोडली."

"मग ठिवता कशाला?"

आप्पासोंना या प्रश्नाचा थोडा राग आला असावा. "मग काय करू? गावात माजी भन म्हनून आलीय. शेरडं बगती. माजी मालकीन सकाळी च्या केला की आदी तिला देती. आता हिला म्हनू, की जा तुज्या घरी? तिला घर कुटं हाय ते तिला तरी म्हाईत हाय का?" ते पुन्हा खुर्च्या उचलू लागले. जाता जाता म्हणाले, "कुनी दुसरं आलं हुडकत, तर मग बगू. तुमच्याकडं कुनी आलं तर कळवा मातर. लपवू नका."

"न्हाई लपवनार," चांदबी म्हणाली. आणि लगेच तिच्या मनात आलं की अंकिताचं बोलणं ती आता लपवूनच चालली आहे. मामा ही बहीण नाही म्हणतो आणि सांभाळतो. मुलगी आई म्हणून घेऊन आली, तिला आता खात्री नाही, आणि ती सासरी चालली. यातलं कोण बरोबर, कुणाला काय सांगायचं, काहीच तिच्या हाताला लागेना.

निघताना ती ओसरीवर अक्काजवळ आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं एकदाच, तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "अक्का, तू महादेवी हायस का गं? खरं सांग. मी कुनाला सांगनार न्हाई."

अक्कानं तिच्या ओढणीवरचा हळदीचा डाग बघितला. आपल्या पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि तो डाग पुसायला लागली. तो निघेना, तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाईल. साबन लाव." स्वच्छ मराठीत.

इतक्या दिवसांत चांदबीनं तिच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं. ती इतकी चक्रावली की पुढं काही विचारायचं राहूनच गेलं. सांगलीच्या गाडीत बसल्यावर तिला वाटलं, परत जाऊन विचारावं. पण काय विचारणार?

घरी आल्यावर तिनं सिकंदरना सगळं सांगितलं, फक्त अंकिताचं सोडून. ते ऐकत ऐकत जेवले. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "मग झालं ते चांगलं झालं का वाईट?"

"मला कळलं असतं तर सांगितलं असतं की."

"मामा चांगला मानूस दिसतोय."

"व्हय. पन तो खरं बोलत असंल, तर कुनाची तरी आई हरवलीय आन् ती तिथं शेरडं राखतीय."

"आन् खोटं बोलत असंल तर?"

"तर सख्ख्या भनीला भन म्हनायला तयार न्हाई. मग चांगला कसला?"

सिकंदर हसले. आयेशानं आतून विचारलं, "अम्मी, ओढणी भिजत घालू का?" चांदबी म्हणाली, "घाल."

पुढच्या सुट्टीला ती निवाऱ्यात गेली. गुडघा खरंच दुखत होता, तरी गेली. अक्काच्या खाटेवर आता दुसरी बाई होती, सारखी हसणारी, देवळात आल्यासारखी प्रत्येकाला हात जोडणारी. सुभेदार म्हणाले, "भाभी, हिचा फोटो पाठवायचाय सगळीकडं. जरा केस नीट करता का?"

चांदबीनं फणी घेतली. केस विंचरता विंचरता तिनं त्या बाईच्या दोन्ही हातांवर, मानेवर, कपाळावर कुठं गोंदण आहे का ते नीट बघून घेतलं. एक लहानसं होतं, हनुवटीवर. ते फोटोत नीट यावं म्हणून तिनं बाईची हनुवटी जरा वर धरली. सुभेदार फोन सरळ करून म्हणाले, "हां, अशीच धरा." फोटो निघाला. तो पाठवायचा का, असं त्यांनी चांदबीला विचारलं. तिनं त्या बाईकडं बघितलं, बाईनं तिला हात जोडले. मग चांदबी म्हणाली, "पाठवा. पन कुनी आलं, तर मला आदी बोलवा."